ऑफिसातल्या संगणकांना नावं कशी द्यावीत

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या युनिटच्या ऑफिसात नेटवर्क उघडलं, की 'डेस्कटॉप' आणि पुढे सात अगम्य अक्षरं अशी नावं दिसतात. विंडोज ती आपोआप देतं. पाच संगणकांपर्यंत निभतं. पंचवीस झाले, की व्हायरस नेमका कोणत्या टेबलावर आहे हे शोधण्यातच दुपार जाते.

नाव ठरवताना आधी पाहा, यातलं काय बदलू शकतं? ते नावात घालू नका. माणसाचं नाव पहिलं बाद. १९९० च्या आरएफसी ११७८ मध्येही (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) स्वतःचं किंवा प्रोजेक्टचं नाव मशीनला देऊ नका, असंच सांगितलं आहे. विभाग आणि पत्ताही नको. सातपूरचं काम सिन्नरला हललं, की नाव खोटं पडतं.

डेस्कटॉप-लॅपटॉपसाठी एक अक्षर आणि अनुक्रमांक पुरेसा: 'डी-०१४', 'एल-०१५'. हाच क्रमांक स्टिकरवर लिहून कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावा. कोण वापरतं, कुठे आहे, सिरियल नंबर काय, हे सगळं एक्सेलच्या रजिस्टरमध्ये. मशीन भंगारात गेलं तरी त्याचा क्रमांक पुन्हा वापरू नका, नाहीतर जुने लॉग आणि बॅकअप नव्या मशीनच्या माथी पडतात.

नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच ठेवा. अंडरस्कोर नको, स्पेस नको, सुरुवातीला किंवा शेवटी रेघ नको. डीएनएसमध्ये (नावावरून मशीनचा नेटवर्क पत्ता शोधणारी यंत्रणा) नावाच्या दोन टिंबांमधल्या भागाला ६३ अक्षरं चालतात, पण विंडोजच्या नेटबायोस या जुन्या नाव-पद्धतीला १५ च. इथे बरेच जण फसतात: इंग्रजीत 'नाशिक-अकाउंट्स' लिहिलं, की रेघेसकट बरोबर १५ अक्षरं होतात. त्यापुढचे '-०१' आणि '-०२' कापले जातात, दोन्ही मशीन एकाच नावाची ठरतात आणि शेअर केलेलं फोल्डर कधी उघडतं, कधी नाही.

सर्व्हर मोजकेच असतात. त्यांना बोलायला सोपी नावं द्यावीत. नाशिक जिल्ह्यात किल्ल्यांची वाण नाही: साल्हेर, रामशेज, हरिहर. मात्र इंग्रजी स्पेलिंग एकच होईल असं नाव निवडा. सप्तशृंगी प्रत्येक जण वेगळं टाइप करतो. साल्हेर आणि मुल्हेर दोन्ही एकत्र ठेवू नका, फोनवर गल्लत होते.

काम दाखवायला डीएनएसमध्ये 'फाइल्स', 'बॅकअप' अशी टोपणनावं (सीनेम) जोडा. सर्व्हर बदलला तर टोपणनाव नव्याकडे वळवायचं, पंचवीस मशीनवर फिरायला नको. विंडोज सर्व्हरवर टोपणनावाने लॉगिन अडू शकतो, म्हणून आधी एका मशीनवर तपासा. डोमेनची शेपटी 'डॉट लोकल' ठेवू नका, ती एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय मशीननी एकमेकांना नावाने शोधण्याची पद्धत) राखीव आहे. खासगी नेटवर्कसाठी २०२४ मध्ये आयकॅनने (इंटरनेटवरच्या डोमेन नावांचं व्यवस्थापन पाहणारी संस्था) 'डॉट इंटरनल' राखून ठेवलं.

जुनी नावं बदलायची तर रविवारी बदला. त्याआधी टॅलीचा डेटा पाथ, मॅप केलेले ड्राइव्ह आणि शेअर केलेले प्रिंटर यांची यादी करा. ते जुन्याच नावाने शोधत राहतात. विंडोजमध्ये रीस्टार्ट केल्याशिवाय नवं नाव लागू होत नाही. लिनक्सवर होस्टनेम (मशीनचं नाव) बदललं, की होस्ट्स फाइलमधली त्या नावाची ओळही बदला, नाहीतर सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने काम करायची कमांड) दरवेळी 'होस्ट सापडत नाही' अशी तक्रार करतं.