गोव्याच्या हवेत लेपर्ड गेको: या चुका टाळा

आमच्या हळदीच्या, म्हणजे आम्ही पाळलेल्या लेपर्ड गेको जातीच्या पालीच्या, उजव्या मागच्या पायाला चारच बोटं आहेत. पाचवं बोट माझ्या चुकीनं गेलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मे महिना होता. फोंड्याला आमच्या घरात दुपारी पारा ३४ च्या वर गेला, म्हणून मी तिची काचेची टाकी उचलून एसीच्या खोलीत नेली. लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आसपासच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. तरीही तो भर उन्हात हिंडत नाही. दिवसभर सांदीकपारीत पडून राहतो आणि तिन्हीसांजेनंतर बाहेर येतो. त्यामुळे तिला गारव्यात नेलं ते बरोबरच होतं. पण एसी खोलीतला ओलावा शोषून घेतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यात टाकीत ओलसर बीळही नव्हतं. गोव्यात दमटपणाला काय तोटा, असं मी धरून चालले होते.

तिनं कात टाकली. हे प्राणी स्वतःची कात खाऊन टाकतात, त्यामुळे सकाळी टाकी स्वच्छ दिसली आणि मी निश्चिंत झाले. प्रत्यक्षात एका बोटावर दोऱ्याएवढं पांढरं वळं राहिलं होतं. ते सुकून आवळत गेलं. आठवड्यानं बोटाचं टोक काळं पडलेलं दिसलं, तोवर उशीर झाला होता.

तेव्हा ओलसर बीळ बाराही महिने ठेवा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, बाजूला तिचं अंग सहज जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत ओला करून पिळलेला टिश्यू पेपर घाला. दोन-तीन दिवसांनी तो बदला. अंगाचा रंग राखाडी-पांढुरका झाला की कात जवळ आली समजा. कात पडल्यावर टॉर्च घेऊन वीसही बोटं, डोळ्यांच्या कडा आणि शेपटीचं टोक बघा. काही चिकटलेलं असेल तर पसरट भांड्यात पोट जेमतेम भिजेल इतकं कोमट पाणी घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं त्यात ठेवा. मग ओल्या कापसाच्या काडीनं बोटाच्या टोकाकडे हलकेच सरकवत काढा. कोरडी कात कधीही ओढू नका. डोळ्यावरची कात घरी काढायच्या फंदात पडू नका, ते काम डॉक्टरांचं.

काचेवर चिकटवलेल्या तबकडीवर विसंबणं

टाकीसोबत मिळालेली तापमानाची गोल तबकडी ३२ अंश दाखवत होती. एकदा हळदीच्या पोटाखालची जागा हाताला फारच गरम लागली आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणून त्याचं टोक लादीवर ठेवलं, तर आकडा ३९! तबकडी काचेजवळच्या हवेचं तापमान सांगत होती, आणि हा प्राणी ऊब घेतो पोटानं, जमिनीवरून. हीट मॅट म्हणजे टाकीला ऊब देणारी विजेची चटई. तापमान बघून ती बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट नसेल तर ती पोट भाजू शकते. गरम बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश आणि दुसरी बाजू २४ ते २६ च्या आसपास, असा फरक हवा, म्हणजे गरज पडेल तशी ती जागा बदलते. आपल्याकडे उन्हाळ्यात मॅट दिवसचे दिवस लागतच नाही. थर्मोस्टॅट असला की ती आपोआप बंद राहते. पैसे वाचवायचे असतील तर शोभेच्या गुहेवर वाचवा, यावर नको.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा आमच्याकडचा खरा कसोटीचा काळ. सगळीकडे सांगतात, टाकीतली आर्द्रता ३० ते ४० टक्के ठेवा. मुसळधार पावसात बाहेर ९० टक्के असताना ते आकडे गाठता येत नाहीत. ६० च्या आत राहिलं तर मी समाधान मानते. पहिल्या वर्षी तळाला नारळाचा भुसा घातला होता. चार दिवसांत त्यावर बुरशीची पांढरी जाळी धरली. आता घराचं काम झालं तेव्हा उरलेल्या लाद्या मापानं कापून घातल्या आहेत. पुसता येतात, ऊब धरतात, आणि नखंही झिजतात. वाळू घालू नका, खाताना पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं. वरचं झाकण काचेचं नको, जाळीचं हवं.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासाचा टिकटिक आवाज, नाकपुडीशी बुडबुडे, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. घरातली माणसांची औषधं देऊ नका.

आणि लायट. वादळी रात्री ती जाणारच. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, पोटात कुजतं. म्हणून पावसानं जोर धरलेला असेल त्या संध्याकाळी मी खाऊ घालायचं टाळते. धडधाकट मोठी गेको एखादा दिवस उपाशी राहिल्यानं काही बिघडत नाही, तिच्या जाड शेपटीत चरबीचा साठा असतो. जास्तच गारठा वाटला तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टाकीच्या बाहेरून टेकवून ठेवते.

खाण्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: काजवे कधीही देऊ नका. पावसाच्या तोंडावर ते घरात शिरतात आणि मुलांना वाटतं, आयतं खाद्य आलं. काजव्याच्या अंगात विष असतं, एखाददुसरा काजवाही पालीवर्गातल्या प्राण्याच्या जिवावर बेतू शकतो. दिव्याभोवतीचे किडेही नकोत, कुठल्या बागायतीतली फवारणी अंगावर घेऊन आलेत ते कळत नाही. विकतचे मीलवर्म (कोंड्यात वाढवलेल्या अळ्या) किंवा क्रिकेट (रातकिडे) द्या, पण तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नकोत. पिल्लांना रोज, मोठ्यांना दोन-तीन दिवसांआड. न खाल्लेले क्रिकेट रात्रभर टाकीत सोडू नका, ते झोपलेल्या गेकोला चावतात. मीलवर्मचा गव्हाचा कोंडा पावसात गोळा होऊन कुबट वास सोडतो. त्यांना पाण्याची वाटी न ठेवता गाजराची चकती द्या आणि ती दुसऱ्या दिवशी काढा.

कॅल्शियमची पूडही दमट हवेत गोळा होते. मग किड्यांवर बसत नाही, आणि आपल्याला वाटतं आपण नेमानं देतोय. डी-३ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा लागतो, अंग थरथरतं. वाकलेली हाडं पुन्हा पूर्ववत होत नाहीत. मी छोटीच बाटली घेते, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिते आणि घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवते.

चवथीला आम्ही सगळे पाच दिवस मूळ घरी जातो. एका वर्षी टाकी सोबत नेली आणि देवघराला लागून असलेल्या खोलीत ठेवली. धूप, उदबत्त्या, अंगणातले फटाके, टाकीभोवती मुलांचा गराडा. घाबरलेल्या गेकोची शेपटी धरली गेली तर ती सुटून पडते, आणि पुन्हा येते ती बोंडासारखी, पहिल्यासारखी नाही. सुदैवानं तसं झालं नाही, पण हळदीनं तीन दिवस तोंडाला काही लावलं नाही. आता ती घरीच राहते आणि शेजारच्या काकी रोज पाणी बदलतात. खाद्य फक्त तिसऱ्या दिवशी, मोजून. टाकीला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे आणि तिची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न्यायची नाहीत, हे त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू माणसात येऊ शकतो.

नवी गेको घेणार असाल तर रानातून धरून आणलेली घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आहे, तेव्हा पैसे देण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात जाऊन नियम विचारा आणि विकणाऱ्याकडून कागद मागा. मी ज्याच्याकडून घेतली त्यानं हळदी आणि आणखी एक, अशा दोघींना एकाच टाकीत ठेवायला सांगितलं होतं. दुसरीला खाणं मिळेना, तिची शेपटी पेन्सिलीएवढी बारीक झाली. वेगळी केल्यावर दोन महिन्यांत भरली. एका टाकीत एकच ठेवा. दर रविवारी ग्रॅमच्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. खाऊनही वजन उतरत असेल तर ताजी विष्ठा डबीत घालून तपासायला न्या. सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर जवळपास कोण आहेत ते गेको घरी येण्याआधीच शोधा, आणि त्यांचा नंबर टाकीवर चिकटवून ठेवा.