चहा सुटेल, पण चमच्याचमच्याने
चहा एकदम बंद केला की १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं. कॅफीनमुळे आकसलेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून. तेव्हा कप तेवढेच राहू द्या, आधी पूड कमी करा. दोन कपांना दोन चमचे टाकत असाल तर दर चार दिवसांनी पाव चमचा घटवा. आलं-वेलची मात्र तीच. पूड निम्म्यावर आली की संध्याकाळचा कप सोडा, सकाळचा सगळ्यात शेवटी. त्या जागी गवती चहा: तीन-चार पात्यांची गाठ मारून दीड कप पाण्यात पाच मिनिटं उकळा, वर झाकण हवंच, नाहीतर वास उडून जातो. ग्रीन टीने काही साधत नाही, त्यातही कॅफीन असतंच. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही असतं. घेण्याआधी पाकीट वाचा.