रन गेमवर वाद घालण्याआधी

अमेरिकन फुटबॉलमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा रन गेम (बॉल हातात घेऊन धावत पुढे सरकण्याचा खेळ) संपला, कोच बदला, असं शनिवारच्या सामन्यानंतर कुणी म्हणालं की मी आधी विचारतो: सॅक वगळलेस का? कॉलेज फुटबॉलमध्ये पास टाकणाऱ्या खेळाडूला, म्हणजे क्वार्टरबॅकला, पास टाकण्याआधीच पाडलं (यालाच सॅक म्हणतात), तर गमावलेले यार्ड संघाच्या धावण्याच्या यार्डांतून कापतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये तसं नसतं. कॉलेजच्या आकड्यांत ते कापलेले यार्ड परत मिळवूनच धावांची सरासरी काढा.

मग बॉलवरची नजर काढा. स्नॅप झाल्यावर, म्हणजे बॉल मागे देऊन खेळी सुरू झाल्यावर, पहिले दोन सेकंद फक्त दोन्ही गार्ड (पुढच्या फळीत मधल्या खेळाडूच्या दोन बाजूंना उभे असणारे) बघा. ते समोरच्याला मागे रेटतायत का? खरं उत्तर तिथेच मिळतं, बॉल घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या पायांत नाही. एखाद्या सत्तर यार्डांच्या धावेवर तर अजिबात भुलू नका. पहिल्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्या प्रयत्नाला) चार-पाच यार्ड सातत्याने मिळतायत का, ते मोजा.

कोचची कसोटी वेगळी. तुम्ही धावणार हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक असताना धावून दाखवता का? नोव्हेंबर २०२३ मध्ये पेन स्टेटच्या मैदानावर तात्पुरते मुख्य कोच शरोन मूर यांच्या मिशिगनने उत्तरार्धात एकाही पासची अधिकृत नोंद नसताना २४-१५ असा सामना जिंकला. मूर आधी ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे गार्ड ज्यात असतात त्या पुढच्या फळीचे, कोच होते. म्हणून मुख्य कोचपदासाठी कोणत्याही नव्या उमेदवाराचं नाव आलं की त्याच्यासोबत लाइनचा कोच कोण येतोय, ते मी सगळ्यात आधी शोधतो.