पशुशरीररचनाशास्त्राचे पहिले वर्ष: हाड हातात धरून शिकताना

‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश मिळाल्यानंतर, एका वर्षाच्या आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षे चालणाऱ्या अभ्यासक्रमाच्या अगदी तोंडाशीच शरीररचनाशास्त्र उभे असते. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी हा विषय शिकले. १८८६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या आवारातच जनावरांचे रुग्णालय असल्यामुळे, सकाळी ज्या अवयवाचे नाव पाठ करायचे तोच अवयव दुखत असलेले जनावर दुपारी समोर दिसण्याची सोय आम्हांला होती. तरीही पहिले काही महिने मी या विषयाशी चुकीच्या बाजूने झगडत राहिले. नव्याने येणाऱ्यांचे तेवढे महिने वाचावेत, यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझी चूक अशी होती की मी आधी पुस्तक वाचत असे आणि हाड नंतर हातात घेत असे. पहिल्या अंतर्गत तोंडी परीक्षेत माझ्या हातात ह्यूमरस, म्हणजे पुढच्या पायाचे दंडाचे हाड दिले गेले. त्यावरील उंचवटे, खाचा, स्नायूंच्या जोडणीच्या जागा मी न अडखळता सांगितल्या. मग ‘हे हाड जनावरात जसे असते तसे धरून दाखवा’ असे सांगण्यात आले, आणि मी डावे हाड उजव्या बाजूला लावून धरले. त्या क्षणी माझ्या लक्षात आले की मला वर्णन येत होते, हाड येत नव्हते.

त्यानंतर मी क्रम उलटा केला. कोणतेही हाड घेतले की प्रथम वरचे टोक कोणते, पुढची बाजू कोणती आणि बाहेरची बाजू कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायची, आणि ती मिळाल्याशिवाय पुस्तक उघडायचे नाही. ह्यूमरसचे गोल डोके वर आणि मागे झुकलेले असते, मोठा उंचवटा पुढे व बाहेर असतो. मांडीच्या हाडाचे डोके आतल्या बाजूला वळलेले असते आणि खालच्या टोकाची घसरखाच, म्हणजे गुडघ्याची वाटी जिच्यावरून सरकते ती खाच, पुढे असते. खांद्याच्या फऱ्यावरची उभी कड नेहमी बाहेरच्या बाजूला येते आणि सांध्याची उथळ वाटी खाली. एवढे बोटांना कळले की डावे-उजवे आपोआप ठरते. मी डोळे मिटून हाड ओळखण्याचा सराव करीत असे, आणि लोकलच्या प्रवासात, जिथे पुस्तक उघडायलाही जागा नसते तिथे, स्वतःच्या हातापायांवर तीच हाडे चाचपून पाहत असे.

स्वतःच्या शरीराशी तुलना करण्याचा फायदा फार मोठा आहे, परंतु तिथेच एक घोटाळाही लपलेला आहे. गायीच्या पुढच्या पायाला मध्यावर जो सांधा वाकतो त्याला गोठ्यातील सगळी माणसे गुडघा म्हणतात. रचनेच्या दृष्टीने ते आपले मनगट आहे. खरा गुडघा मागच्या पायात, पोटाच्या कातडीला लागून वर असतो, आणि मागच्या पायाला जो टोकदार सांधा मागे उभा राहिलेला दिसतो ती टाच होय. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, तिसऱ्या बोटाच्या टोकावर उभा असतो आणि गाय-म्हैस तिसऱ्या व चौथ्या बोटांवर. त्या दोन बोटांच्या वरची हाडे एकमेकांत मिसळून एक नळी झालेली असते, आणि नीट पाहिल्यास त्या नळीच्या पुढच्या बाजूला जोडाची उभी खाच आजही दिसते. हे एकदा समजले की हाडांची नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. दिशादर्शक शब्दांचेही तसेच आहे. माणसाच्या शरीरशास्त्रातील ‘पुढचा-मागचा’ हा जोड चार पायांवर उभ्या असलेल्या प्राण्याला लावू नका. डोक्याकडची, शेपटीकडची, पाठीकडची आणि पोटाकडची बाजू असा विचार पहिल्या दिवसापासून करा.

मणक्यांची संख्या मात्र पाठच करावी लागते. सर्व पाळीव सस्तन प्राण्यांच्या मानेत ७ मणके असतात; पुढे गाय-म्हशीत छातीचे १३, कमरेचे ६ आणि त्रिकास्थीचे (कमरेच्या मागच्या, एकत्र जुळलेल्या मणक्यांच्या हाडाचे) ५, घोड्यात १८, ६ व ५, तर कुत्र्यात १३, ७ व ३. छातीच्या मणक्यांइतक्याच बरगड्यांच्या जोड्या, म्हणून १३ आणि १८ हे आकडे पुढे आयुष्यभर उपयोगी पडतात.

विच्छेदनाच्या पहिल्या दिवसाची भीती सगळ्यांनाच वाटते आणि तिच्याविषयी लाज बाळगण्याचे कारण नाही. टेबलावरचा प्राणी आपल्याला शिकवण्यासाठी तिथे आहे, ही जाणीव मनात राहिली की हात आपोआप हळुवार होतो. जतनासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, घसा धरतो. फॉर्मॅल्डिहाइड हे कर्करोगकारक द्रव्यांत गणले जाते, तेव्हा हातमोजे, ॲप्रन आणि खिडक्या-पंखे यांबाबत कोणतीही तडजोड करू नका. कॉन्टॅक्ट लेन्स घालून आत जाऊ नका, आणि परवानगी असेल तेव्हा नमुना आधी पाण्याने धुऊन घ्या.

धारदार पाते कातडी सोडवण्यापुरते वापरावे. त्यानंतर स्नायूंमधील पातळ आवरणे बोटांनी आणि बोथट उपकरणानेच वेगळी करावीत. माझ्या गटाने पहिल्याच आठवड्यात घाईने पाते चालवून काखेतील मज्जातंतूंचे जाळे तोडले, आणि पुढचे सगळे तास आम्हांला दुसऱ्या टेबलाच्या कडेला उभे राहून पाहावे लागले. त्याच भागात मला या विषयाची गोडी लागली, हेही सांगितले पाहिजे. गाय, म्हैस, शेळी यांना गळपट्टीचे हाड नसते. पुढचा पाय धडाला कोणत्याही सांध्याने जोडलेला नसून केवळ स्नायूंनी जोडलेला असतो, आणि दोन फऱ्यांच्या मध्ये छाती झोळीसारखी तोललेली असते. एकेक स्नायू ओळखत, कापत गेलो आणि शेवटी एकही सांधा न उघडता संपूर्ण पाय आमच्या हातात आला. त्याच्या खाली पहिल्या काही बरगड्या आणि हृदयाची जागा उघडी पडली. पुस्तकातले हे वाक्य मी दहा वेळा वाचले होते, पण फऱ्याखाली काय दडलेले असते ते मला त्या दिवशी समजले.

ताज्या अवयवांसाठी मटणाच्या दुकानाइतकी चांगली जागा नाही. दुकानदाराला नम्रपणे विचारले तर तो शेळीचे हृदय, गुर्दा, फुफ्फुस शांतपणे पाहू देतो. शेळीचा गुर्दा गुळगुळीत असतो, तर गायीचा द्राक्षांच्या घडासारखा खंडांत विभागलेला. हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही. वजडी, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट, स्वच्छ करताना त्याच्या भागांपैकी कोठीपोटाचे टॉवेलसारखे आतले अस्तर, जाळीपोटाचे षट्‌कोनी कप्पे आणि पडदेपोटाची पाने ओळखून ठेवा. जाळीपोट छाती आणि पोट वेगळे करणाऱ्या पडद्याला लागून असते आणि पडद्याच्या पलीकडे लगेच हृदय असते. पेंढ्याच्या गठ्ठ्यातील तारेचा तुकडा म्हैस न चावता गिळते, तो जाळीपोटात अडकतो आणि पोटाच्या आकुंचनाबरोबर पुढे सरकत हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचतो. तबेल्यातील म्हैस असा आजार घेऊन आली की त्या दोन अवयवांमधील अंतर किती थोडे आहे, हे तुम्हांला हाताने माहीत असले पाहिजे.

सूक्ष्मदर्शकाखालील ऊतींचा अभ्यास बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो. रोज दोनच काचपट्ट्या पाहून त्यांची स्वतः आकृती काढावी, जर्नल भरण्याच्या आदल्या रात्रीवर सोडू नये. माझ्याकडे याहून अधिक चांगला उपाय नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेत नमुन्यांपुढून ठरावीक वेळात सरकत जावे लागते. तिथे प्रथम प्राणी, मग अवयव, मग बाजू आणि शेवटी विचारलेला भाग, या क्रमाने लिहावे. दाढेसकट जबडा दिसला तर वरच्या जबड्यात पुढचे दात आहेत का ते पाहावे. नसतील आणि तिथे केवळ कडक गादी असेल तर तो रवंथ करणारा प्राणी आहे, एवढे निश्चित होते.

मला सगळ्यात उशिरा सुचलेली गोष्ट म्हणजे शिकलेला प्रत्येक भाग त्याच आठवड्यात जिवंत जनावरावर शोधणे. सुट्टीत एका मैत्रिणीच्या ओळखीने मी जोगेश्वरीच्या तबेल्यात गेले. म्हशीच्या डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धरली आणि काही क्षणांत कोठीपोटाने ती हळूच बाहेर ढकलली. मिनिटाला एक-दोनदा तसे होत राहिले. हृदय ऐकायचे होते तेव्हा बरगड्या पुढून मोजता येईनात, कारण पहिल्या काही बरगड्या फऱ्याखाली लपलेल्या होत्या. म्हणून शेवटची तेरावी बरगडी चाचपून मी मागून पुढे मोजत आले, मालकाने म्हशीचा पुढचा डावा पाय किंचित पुढे घेतला, आणि कोपराच्या आतल्या बाजूला सरकवलेल्या स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकू आले.