अमेरिकी खटले वाचायचे कसे, आणि त्यांवरची पुस्तके घ्यायची कशी

फाउंटनच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात अमेरिकी घटनेवरचा एखादा जाडजूड ग्रंथ कधीमधी सापडतो. किंमत ऐकून हात खिशाकडे जातो. त्याआधी पुस्तक जरा उलटेपालटे करून पाहा.

मधलीच चार पाने उघडा. निकालांचे उतारे, त्यांत जागोजागी तीन टिंबे आणि खाली प्रश्नांची माळ दिसली, तर ते केसबुक. वर्गात प्राध्यापक समोर असताना ते कामाचे. एकट्याला ते छळते, कारण प्रश्नांची उत्तरे त्यात नसतात आणि टिंबांच्या जागी काय कापले तेही कळत नाही. स्वतःच्या हिमतीवर वाचणाऱ्याने हॉर्नबुक शोधावे: एका विषयाचे सलग विवेचन, तळटीपांत खटल्यांची नावे. तिसरा प्रकार खटल्यांची गोष्ट सांगणाऱ्या इतिहासग्रंथांचा. माणसे, मोर्चे, वकिलांची धडपड तिथेच भेटते, पण न्यायालयाने नेमके काय ठरवले हे बरेचदा दोन वाक्यांत उरकलेले असते.

मग शीर्षकपानामागचे साल बघा. २०१३च्या आधीच्या पुस्तकात १९६५चा मतदान हक्क कायदा पूर्ण ताकदीने उभा असतो. त्या वर्षी शेल्बी काउंटी खटल्यात त्यातले एक सूत्रच रद्द झाले. निवडणुकीचे नियम बदलण्याआधी कोणत्या राज्यांनी केंद्राची मंजुरी घ्यायची, हे त्या सूत्रावर ठरत असे. २०२२च्या आधीच्या पुस्तकात गर्भपाताचा घटनात्मक हक्क जिवंत आहे. २०२३च्या आधीच्यात विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाचा विचार करता येतो. १९५०-६०च्या दशकांसाठी जुनी आवृत्ती बिनदिक्कत घ्या, आजचा कायदा म्हणून तिचा हवाला मात्र देऊ नका. मागच्या पुठ्ठ्याच्या आत कागदी खिसा असेल तर तोही चाचपा. अशा ग्रंथांत तिथे नव्या बदलांची पातळ पुरवणी खोचलेली असते. जुन्या बाजारात हा खिसा बहुधा रिकामाच मिळतो.

खरे तर सुरुवात पुस्तकाने करूच नका. निकाल फुकट मिळतात, आणि एक निकाल मुळातून वाचलेला माणूस दहा पुस्तकांतली थाप ओळखू शकतो.

आधी सायटेशन, म्हणजे निकाल कुठे छापला आहे त्याचा पत्ता, लावायला शिका. आपल्याकडच्या एआयआरमध्ये (ऑल इंडिया रिपोर्टर) साल पुढे असते, तिथे खंड पुढे असतो. ‘३४७ यू. एस. ४८३’ म्हणजे युनायटेड स्टेट्स रिपोर्ट्सचा ३४७वा खंड, पान ४८३. हेच रोमन लिपीत शोधपट्टीत टाका, ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशनचा, काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांवरचा १९५४चा निकाल समोर येतो. पहिल्या ९० खंडांत मध्येच क्रँच, व्हीटन, हॉवर्ड अशी नावे येतात; ती निकाल छापणाऱ्या वृत्तलेखकांची, न्यायाधीशांची नव्हेत. ‘यू. एस.’ऐवजी नुसते ‘एफ.’ आणि पुढे आकडा असेल तर निकाल बहुधा संघीय अपील न्यायालयाचा, ‘एफ. सप.’ असेल तर जिल्हा न्यायालयाचा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जुने खंड स्कॅन करून ठेवले आहेत. जस्टिया आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या पानांवर तेच सलग मजकुरात मिळतात. ओयेझ या संकेतस्थळावर युक्तिवादांचे ध्वनिमुद्रण आहे, पण मुद्रण ऑक्टोबर १९५५पासूनचे. ब्राउनचा युक्तिवाद तिथे शोधत बसू नका.

ब्राउनपासूनच सुरुवात करा, कारण तो छोटा आहे: ४८३ ते ४९६, अवघी चौदा पाने. प्रिंट काढा, समासात लिहायला जागा ठेवा.

सुरुवातीचा सारांश ओलांडून पुढे जा. आपल्या हेडनोटसारखाच तो कार्यालयाने तयार केलेला असतो, निकालाचा भाग नसतो. मुख्य न्यायमूर्ती अर्ल वॉरन यांचे नाव जिथे येते तिथून निकाल सुरू होतो. पहिल्याच वाक्यात कॅन्सस, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया आणि डेलावेअर अशी चार राज्ये आहेत. म्हणजे हा एक खटला नसून एकत्र ऐकलेले चार आहेत. प्रत्येकाची हकिगत पहिल्या लांबलचक तळटीपेत आहे. ती बहुतेक जण गाळतात आणि मग डेलावेअरचा मुद्दा हुकतो: तिथे खालच्या न्यायालयाने मुलांना आधीच प्रवेश द्यायला लावला होता.

आता पेन्सिलीने चार ठिकाणी खूण करा. कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा इतिहास निर्णायक नाही, असे न्यायालय म्हणते ते वाक्य. इमारती, पगार, अभ्यासक्रम समान असले तरी वेगळ्या शाळांमुळे मुले समान संधीला मुकतात का, असा प्रश्न मांडला आहे ते वाक्य. वेगळ्या शाळा मुळातच असमान, हे वाक्य. आणि चौथे, जे सगळ्यात जास्त निसटते: प्लेसी खटल्यातली या निष्कर्षाविरुद्ध जाणारी भाषा नाकारली आहे. ‘वेगळे पण समान’ चालते असे ठरवणारा १८९६चा प्लेसी रेल्वेच्या डब्यांबद्दल होता, आणि ब्राउनमध्ये ‘सार्वजनिक शिक्षणाच्या क्षेत्रात’ असे शब्द मोजून घातले आहेत. डबे, बस, हॉटेल यांबद्दल निकाल गप्प आहे. ‘ब्राउनने वर्णभेद संपवला’ हे वाक्य मराठी लेखांत वारंवार येते आणि ते इथेच कोसळते. शाळांचाही आदेश त्या दिवशी निघाला नाही. उपाय काय करायचा यावर फेरयुक्तिवाद ठेवला गेला आणि तो निकाल १९५५मध्ये आला.

हॉटेलांसाठी १९६४चा नागरी हक्क कायदा का लागला, हे मुंबईच्या वाचकाला थोडे उलटे वाटते. आपल्या घटनेचे अनुच्छेद १५(२) आणि १७ दुकानदारालाही थेट बांधतात. चौदावी दुरुस्ती मात्र फक्त राज्याला बांधते, हे तिथल्या न्यायालयाने १८८३मध्येच ठरवून टाकले होते. म्हणून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा आधार घेतला, आणि हार्ट ऑफ अटलांटा मोटेल खटल्यात तो टिकला. महाडच्या चवदार तळ्याचा १९३७चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल शेजारी ठेवून वाचा. सार्वजनिक आणि खासगी यांतली रेघ तिथेही वादाच्या मध्यभागी आहे.

पुढचा सराव म्हणून ओझावा (१९२२) आणि भगतसिंग थिंद (१९२३) हे दोन निकाल एकापाठोपाठ वाचा. बाहेरून आलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीलाच तेव्हा अर्ज करून नागरिकत्व मिळे. पहिल्यात गोरा म्हणजे कॉकेशियन असे धरून जपानी अर्जदाराला नकार दिला. तीन महिन्यांनी हिंदुस्थानातून आलेल्या थिंद यांनी ‘मग मीही कॉकेशियनच’ म्हणून तेच शास्त्र पुढे केले, तर त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी सामान्य माणसाच्या बोलीतला अर्थ धरला. कारण कसे बदलले आणि निष्कर्ष कसा तोच राहिला, ते दोन रंगांच्या पेन्सिलींनी दाखवा.

वाचताना आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. खटल्याच्या नावात पहिला तो फिर्यादी असे समजू नका. अपील करणाऱ्याचे नाव पुढे येते. आंतरवंशीय विवाहावरच्या लविंग विरुद्ध व्हर्जिनियात मूळ फौजदारी खटला राज्यानेच लविंग दांपत्यावर भरला होता. दुसरे, ‘सर्शिओररी नाकारली’ याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने खटला ऐकायला घेतला नाही, एवढाच. खालचा निकाल त्या खटल्यापुरता राहतो, पण त्यावर ‘सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब’ असा मथळा दिसला तर तो लिहिणाऱ्याने आदेशाची ती एक ओळही उघडून पाहिलेली नाही.