कल्पित जगाची सृष्टिकथा रचताना या चुका टाळा

फँटसी लिहू पाहणाऱ्या पुण्यातील नवोदितांची बाडे मी नियमित वाचतो, आणि त्यांतील बहुतेकांचा आरंभ ‘प्रथम केवळ अंधार होता’ अशा अर्थाच्या वाक्यानेच होतो. वाक्य वाईट नाही. ते कोण कोणाला सांगत आहे, हे लेखकालाच ठाऊक नसते, ही खरी अडचण आहे.

सृष्टिकथा म्हणजे त्या जगाचा इतिहास, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक होय. ती त्या जगातल्या कोणीतरी, ठरावीक प्रसंगी आणि काही हेतूने सांगितलेली कथा असते. प्राचीन मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) बॅबिलोन नगराची सृष्टिकथा 7 मृत्पट्टिकांवर लिहिलेली आहे, आणि नववर्षाच्या सणात पुरोहित ती मार्डुक या नगरदेवाच्या मूर्तीसमोर म्हणत असे. तीत मार्डुक आदिसागराची देवी तियामत हिला मारून तिच्या देहाचे आकाश व पृथ्वी करतो, तिचा सेनापती किंगू याच्या रक्तापासून देवांचे कष्ट उपसण्यासाठी माणूस घडवला जातो आणि देव मार्डुकसाठी बॅबिलोन उभारतात. नगराचे श्रेष्ठत्व आणि प्रजेचे राबणे या दोन्हींना त्या कथेने आधार दिला.

कोथरूडमधल्या आमच्या लेखनगटात एका तरुणाने कोरड्या पठारावरच्या राज्याची कादंबरी आणली होती. सारा संघर्ष विहिरींच्या मालकीचा होता. परंतु लांबलचक पहिल्या प्रकरणात प्रकाश आणि अंधार यांच्या देवांचे युद्ध होते आणि पाण्याविषयी अवाक्षरही नव्हते. ‘हे तिसऱ्या भागात उपयोगी पडेल,’ असे तो सांगत राहिला. नवी विहीर खणताना तिथले लोक काय म्हणतात, असे मी विचारले, तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते. पुढे कित्येक बैठकांत वाद झाले, युद्ध गळाले आणि एकच गोष्ट उरली: देवीने पाणी दिले नाही, उसने दिले. विहिरींचे मालक म्हणतात, त्या उसनवारीला आमचा पूर्वज जामीन राहिला, म्हणून राखणीचा हक्क आमचा. खणणारे म्हणतात, जामीन राहिला तो आमचा पूर्वज. कादंबरीचे भांडण आता सृष्टिकथेतूनच उगवू लागले.

यातच दुसरी चूक दडलेली आहे, ती म्हणजे एकच अधिकृत पाठ ठेवणे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत 1919 मध्ये आरंभलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1966 मध्ये पूर्ण झाले. तिची पाने उघडून पाहावीत. स्वीकारलेल्या श्लोकांखाली निरनिराळ्या प्रांतांतल्या हस्तलिखितांचे पाठभेद दाटीने दिलेले दिसतात. प्राचीन इजिप्तमध्येही हेलिओपोलिस नगराची सृष्टी अतुम या देवापासून सुरू होई, तर मेम्फिस नगरात कर्तेपण प्ताह या देवाकडे जाई. म्हणून मी प्रत्येक कथा दोनदा लिहून घेतो, एकदा सत्ता असलेल्याच्या तोंडून आणि एकदा तिच्याखाली दबलेल्याच्या तोंडून, आणि दोन्ही मोठ्याने वाचायला लावतो.

माणूस कशापासून घडला, हे त्या लोकांच्या अन्नाकडे आणि मातीकडे पाहून ठरवावे. ग्वाटेमालातील किचे माया लोकांच्या कथेत मातीचा माणूस विरघळतो, लाकडाचा मनाविना निघतो आणि अखेर मक्याच्या पिठाचा माणूस टिकतो. मका पिकवणाऱ्यांनाच अशी कथा सुचते.

संस्कृत नावांची अक्षरे उलटसुलट करून देव तयार करू नयेत.

सगळ्याची उत्तरे देऊ नयेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली हे विचारते आणि वर बसलेल्या अध्यक्षालाही ते ठाऊक असेल किंवा नसेल, असे म्हणून थांबते.

देवांचे तयार तक्ते आणि वंशावळीचे साचे मागणाऱ्यांची घाई मला मुळीच पटत नाही. तक्ता एका संध्याकाळी भरून होतो, परंतु त्यातून एकही पात्र शपथ घ्यायला शिकत नाही. मी आधी त्या लोकांची शपथ, बारशाचे गाणे आणि प्रेतासमोर म्हणायचे शब्द लिहायला सांगतो, आणि या तिन्हींना ज्या कथेची गरज भासेल तेवढीच रचायला सांगतो. ती पहिल्या प्रकरणात न ठेवता, एखाद्या पात्राला तिच्या आधारे काही मागायचे किंवा नाकारायचे असेल तिथे त्याच्या तोंडी द्यावी.