३२ सेकंदांनी कॉल तुटतोय? आधी एसीके कुठे गेलं ते पाहा

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये व्हीओआयपीची, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनची, पहिली नोकरी लागली असेल, तर एसआयपी (कॉल जोडायचा-तोडायचा प्रोटोकॉल) आणि त्यातले इनव्हाइट (कॉल लावणं), रजिस्टर (फोनची नोंद), बाय (कॉल संपवणं) तुम्हाला येतात असं धरून चालतो. सर्व्हर शोधून देणाऱ्या डीएनएसमधल्या एनएपीटीआर, एसआरव्ही नोंदी, दर टप्प्याला ७० वरून एकेक उतरणारं मॅक्स-फॉरवर्ड्स, हे वाचून जमतं. खरा घोळ त्याच्या पुढे आहे.

मला सगळ्यात जास्त रडवलं ते या प्रकाराने: कॉल लागतो, दोन्हीकडे आवाज स्वच्छ, आणि ३२ सेकंदांनी कट. कॉल सेंटरवाले फोनवर फोन करतात. सिनिअर म्हणतो, "लाइन खराब असन बे, रीस्टार्ट मार." ऐकू नका. आवाज आरटीपी या दुसऱ्याच प्रोटोकॉलने वेगळ्या वाटेने जातो, तो ठीक असल्याने सिग्नलिंगबद्दल, म्हणजे एसआयपीच्या निरोपांबद्दल, काहीच कळत नाही.

होतं असं. फोन उचलला की २०० ओके हे होकाराचं उत्तर निघतं आणि व्हायाच्या ओळी (इनव्हाइट कुठून कुठून आलं त्याची नोंद) धरून आल्या वाटेने परततं, म्हणून ते पोचतं. त्याचं एसीके, म्हणजे कॉल लावणाऱ्याकडून येणारी पोच, मात्र त्या ओळींवर जात नाही. प्रॉक्सींनी (मधल्या सर्व्हरांनी) रेकॉर्ड-रूटच्या ओळीत लिहून ठेवलेले स्वतःचे पत्ते घेत ते कॉन्टॅक्टच्या, म्हणजे समोरच्याने दिलेल्या थेट, पत्त्याकडे निघतं. क्लाउडमधल्या प्रॉक्सीने तिथे स्वतःचा १०.०.०.५ सारखा खासगी पत्ता लिहिला असेल, तर बाहेरून आलेलं एसीके वाटेतच हरवतं. समोरचा सर्व्हर २०० ओके पुन्हा पुन्हा पाठवतो: आधी अर्ध्या सेकंदाने, मग दुप्पट अंतराने, शेवटी दर ४ सेकंदांनी. ३२ सेकंद झाले की बाय.

पुन्हा सांगतो: उत्तर व्हायाने परततं, पुढची विनंती रेकॉर्ड-रूटने जाते. एक वाट चालते म्हणून दुसरी चालेलच असं धरू नका. बिझी कॉल लावून "एसीके जातंय की" असंही म्हणू नका, नाकारलेल्या कॉलचं एसीके टप्प्याटप्प्याने जातं, त्याचा हा रस्ताच नाही.

एसएनग्रेप या एसआयपी पॅकेट दाखवणाऱ्या टूलमध्ये २०० ओकेची रांग दिसली की एक उघडा आणि रेकॉर्ड-रूटचा पत्ता वाचा. पत्त्याच्या शेवटी एलआर (लूज राउटिंगची खूण) आहे ना, तेही बघा. कामाइलिओ या एसआयपी सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये लिसनच्या ओळीला अ‍ॅडव्हर्टाइजने सार्वजनिक पत्ता दिला की बहुतेक वेळा काम होतं. टायमर वाढवणं हा उपाय नाही, दुखणं पुढे ढकलणं आहे. नेटवरून उचललेली कॉन्फिग फाइल तर मी कोणालाच वापरू देत नाही.

पॅकेट उघडून दाखवणारा सिनिअर मिळाला तर त्याला सोडू नका. नाही मिळाला तरी घाबरू नका, हे सगळं उघड्यावर लिहिलेलं आहे. एसआयपीचं मानक असलेल्या २००२ च्या आरएफसी ३२६१ ची २६९ पानं आहेत, सगळी वाचायची गरज नाही. १२ वं आणि १६ वं प्रकरण घ्या, १६.१२ मधली उदाहरणं कागदावर बाण काढून उतरवा. मग दोन व्हर्च्युअल मशीनवर कामाइलिओ चढवा, रेकॉर्ड-रूटची ओळ मुद्दाम काढून टाका आणि बाय कोणाकडे जातं ते बघा.